पिंगळीत कापूस पिकतो, मग कापड का होत नाही? औद्योगिक क्लस्टर समजून घेताना

एकाच प्रकारचा माल करणारे, किंवा एकमेकांना पूरक कामे करणारे अनेक लहान-मोठे उद्योग एकाच परिसरात दाटीने उभे राहतात, तेव्हा त्याला औद्योगिक क्लस्टर म्हणतात. मराठीत ‘उद्योगसमूह’ म्हणावे, तर टाटा किंवा किर्लोस्कर डोळ्यांसमोर येतात. म्हणून सरकारी कागदांपासून कारखानदारांच्या बोलण्यापर्यंत ‘क्लस्टर’ हाच शब्द रुळला आहे. इचलकरंजीचे यंत्रमाग, कोल्हापूरच्या फाउंड्री, पिंपरी-चिंचवडचे वाहनांचे सुटे भाग, सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल ही महाराष्ट्रातली ठळक उदाहरणे.

या यादीत परभणी जिल्हा नाही. परभणी आणि पूर्णा यांच्यामध्ये, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर पिंगळी हे गाव आहे. जमीन काळी, कसदार. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी ही इथली नेहमीची पिके. लोहमार्ग निजामाच्या काळातला आहे. परभणीत कृषी विद्यापीठ आहे. ते १९७२ मध्ये स्थापन झाले. मानवत आणि सेलू या जिल्ह्यातल्या कापसाच्या नावाजलेल्या बाजारपेठा. माल आहे, रेल्वे आहे, विद्यापीठ आहे. तरीही इथला कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि बारावी किंवा आयटीआय झालेला मुलगा चाकण-रांजणगावच्या गाडीत बसतो. असे का होते, हा प्रश्न धरला की क्लस्टर म्हणजे काय हे व्याख्येपेक्षा लवकर कळते.

एका गाठीचा हिशेब

शेतातून येतो तो कापूस सरकीसकट. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि रुई उरते. १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. बाकी बहुतेक वजन सरकीचे. तिचे तेल निघते, पेंड जनावरांना जाते. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो.

ही गाठ सूतगिरणीत गेली की सूत होते, मागावर कापड, प्रोसेसमध्ये धुलाई-रंगाई आणि शेवटी शिलाई. एका शर्टाला पाव किलो सूत धरले आणि वाटेतली घट वजा केली, तरी एका गाठीतून पाचशेच्या वर शर्ट निघतात. शेतकऱ्याला पैसे मिळतात ५ क्विंटल कापसाचे. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर कुणाची तरी मजुरी, कुणाचा तरी नफा, कुणाचे तरी कसब त्यात भरले जाते. परभणी जिल्ह्याच्या वाट्याला यातला पहिला टप्पा येतो, म्हणजे जिनिंग-प्रेसिंग आणि थोडीफार तेलगाळप. जिनिंगचे कामही हंगामी. दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि उन्हाळ्यात थांबते.

ऊस थांबतो, कापूस का जातो?

जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये कारखाने कुठे उभे राहतात याचा सिद्धांत मांडला. त्यातला एक मुद्दा अगदी घरगुती आहे: प्रक्रियेत ज्या मालाचे वजन खूप घटते, त्याचा कारखाना मालाजवळ असतो. १०० किलो उसातून साखर निघते जेमतेम १०-११ किलो. शिवाय तोडलेला ऊस पडून राहिला की साखर उतरते. म्हणून साखर कारखाना उसाच्या फडापासून लांब जाऊ शकत नाही. कापसाचेही पहिल्या टप्प्याला तसेच. सरकीसकट कापूस फुगीर असतो, ट्रक भरतो पण वजन होत नाही. त्यामुळे जिनिंग गावाजवळ होते.

एकदा गाठ बांधली की चित्र बदलते. घट्ट दाबलेली रुई सडत नाही, तिचे वजन पुढे फारसे घटत नाही, आणि हजार किलोमीटर नेली तरी वाहतूक परवडते. मराठवाड्याची गाठ तमिळनाडूतल्या सूतगिरणीपर्यंत सहज जाते. म्हणून सूतगिरणी कापसाजवळ असलीच पाहिजे असे नाही. ती जिथे कसबी माणसे, सुटे भाग आणि सुताचे गिऱ्हाईक असेल तिथे जाते.

‘कापूस इथे पिकतो, म्हणून कापड इथेच झाले पाहिजे’ ही मागणी न्याय्य वाटते आणि राजकीय सभेत टाळ्या घेते. पण उद्योगाचा हिशेब त्या दिशेने चालत नाही. याचा सर्वांत चांगला पुरावा महाराष्ट्रातच आहे.

इचलकरंजीत नेमके काय घडले?

इचलकरंजीच्या आसपास ऊस पिकतो, कापूस नव्हे. तरी ती ‘महाराष्ट्राची मँचेस्टर’ झाली. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग चालवला. संस्थानचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा या धंद्याला पाठिंबा होता. पुढे मागांची संख्या वाढत गेली. सहकारी सूतगिरण्या आल्या त्या बऱ्याच नंतर. म्हणजे आधी माग, आधी गिऱ्हाईक, आणि मग सूत. मराठवाड्यात धोरण आखताना हा क्रम अनेकदा उलटा धरला गेला: आधी सूतगिरणी, मग बघू.

गावात चालते कसे, ते पाहू. एखाद्याकडे चार-सहा माग आहेत, पण सूत विकत घेण्याइतके भांडवल नाही. तो व्यापाऱ्याकडून सूत घेतो, त्याच्यासाठी कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. अशा मागधारकाला तिथे ‘खर्चीवाला’ म्हणतात. ताण्याच्या सुताला खळ देण्याचे काम सायझिंगवाला करतो. वहिफणी करणारे वेगळे, कांडी भरणारे वेगळे, माग बिघडला की दुरुस्त करणारा जॉबर वेगळा, हिशेब ठेवणारा दिवाणजी वेगळा. मागाचा भाग तुटला तर तो मिळणारे दुकान त्याच गल्लीच्या तोंडाशी.

एकट्या मागधारकाला यातले काहीच स्वतः उभे करावे लागत नाही. सायझिंगचे यंत्र घ्यायला लागले असते तर तो या धंद्यात आलाच नसता. मोठी गिरणी उभारायला कोट्यवधी लागतात. क्लस्टरमध्ये मात्र तीच गिरणी शेकडो तुकड्यांत विभागलेली असते आणि एकेक तुकडा सामान्य माणसाच्या आवाक्यात येतो. क्लस्टरचे खरे बळ इथे आहे.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये शेफिल्डच्या सुऱ्या-कात्र्या आणि लँकेशायरचे कापड यांसारख्या ठिकाणांवरून तीन कारणे सांगितली होती. कसबी कामगारांचा बाजार एकाच जागी तयार होतो. पूरक धंदे जवळ येतात. आणि कामाचे ज्ञान न शिकवता पसरते, पोरेसोरेही ते कळत-नकळत उचलतात. शंभर वर्षांनी, १९९० मध्ये, अमेरिकेचे मायकेल पोर्टर यांनी त्यात चोखंदळ गिऱ्हाईक आणि शेजाऱ्यांमधली चुरस यांची भर घातली. ‘क्लस्टर’ हा शब्द धोरणांत रूढ झाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

या यादीत न दिसणारी एक गोष्ट उधारीची. इचलकरंजीत असो वा कोल्हापूरच्या उद्यमनगरात, माल आज आणि पैसे नंतर यावर अर्धा धंदा चालतो. ओळख, नाते, पत हे सगळे त्यात आले. बँकेचा व्यवस्थापक जे कागदावर मागतो, ते इथे शेजाऱ्याला तोंडी ठाऊक असते. अर्थात ही पत ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनाच मिळते. ज्याच्या घरात तीन पिढ्या कुणी व्यापार केला नाही, त्याला क्लस्टरच्या दारातही उभे राहणे सोपे नसते.

लोखंड नसलेल्या जालन्यात सळया

पिंगळीहून मनमाडच्या दिशेने त्याच लोहमार्गावर निघालो, की परभणी, मानवत रोड, सेलू आणि पुढे जालना लागते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तिथल्या जुन्या व्यापाराची. आज जालना दोन गोष्टींसाठी ओळखले जाते: बियाणे आणि लोखंडी सळया.

सळयांचे उदाहरण अधिक बोलके आहे. जालन्यात लोहखनिज नाही, कोळसा नाही, पाण्याची तर ओरडच. देशातून आणि परदेशातून येणारे भंगार विजेच्या भट्टीत वितळवायचे आणि त्याच्या सळया ओढायच्या, असा हा धंदा. विजेचा दर वाढला की भट्ट्या अडचणीत येतात. २०१६ पासून राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना दिलेली वीज सवलत तिथे इतकी जिव्हाळ्याची आहे ती त्यामुळेच. कच्चा माल नसताना हे उभे राहिले ते व्यापाऱ्यांच्या भांडवलावर, भंगाराच्या आणि सळयांच्या बाजारातल्या ओळखींवर, आणि एकाचे पाहून दुसऱ्याने भट्टी टाकण्यावर.

बियाण्यांची गोष्ट वेगळी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही कंपनी सुरू केली. सुरुवातीच्या पिकांत पुसा सावनी ही भेंडी होती. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे कारखान्यात होत नाही, ते शेतात होते. नर-मादी ओळी वेगळ्या लावणे, हाताने परागीकरण करणे, भेसळीची झाडे उपटणे ही कामे आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांना आणि मजूर बायांना शिकवावी लागली. ते कौशल्य एकदा गावांत रुजले, तसे इतर कंपन्यांनाही जालना सोयीचे झाले. शेजारच्या बुलढाण्यातल्या देऊळगाव राजाच्या परिसरापर्यंत हे बीजोत्पादन पसरले आहे.

इथे परभणीकरांना एक प्रश्न टोचतो. कृषी विद्यापीठ परभणीत, बियाण्यांचा धंदा जालन्यात, हे कसे? विद्यापीठाने वाण दिले. ‘परभणी शक्ती’ ही लोह-जस्त वाढवलेली ज्वारी २०१८ मध्ये आली, तिची दखल देशभर घेतली गेली. पण वाण शोधणे आणि वाण विकणे ही दोन वेगळी कसबे आहेत. विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर दुकान, गोदाम, शेतकऱ्यांशी करार, विक्रीचे जाळे उभे करणारी माणसे लागतात. त्या बाबतीत जालन्याने आधी सुरुवात केली, आणि क्लस्टरमध्ये आधी सुरुवात करणाऱ्याला मिळणारा फायदा वर्षागणिक वाढत जातो.

देशाच्या विकासाशी याचा संबंध काय?

भांडवल कमी आणि माणसे जास्त असलेल्या देशाला सगळीकडे एकदम मोठे कारखाने उभारता येत नाहीत. क्लस्टर ही तिथे शिडी ठरते. तमिळनाडूतल्या तिरुपूरने बनियनपासून सुरुवात केली आणि विणलेल्या कपड्यांच्या निर्यातीत देशात आघाडी घेतली. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये शस्त्रक्रियेची उपकरणे करणारे शेकडो लहान कारखाने आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दर्जाच्या कारणावरून त्या मालावर निर्बंध घातले. एकेकट्या कारखान्याला दर्जाची नवी पद्धत आणणे जमले नसते. उत्पादकांच्या संघटनेने सरकारला सोबत घेऊन ते सर्वांसाठी मिळून केले आणि बाजार परत मिळवला. याच शहरातल्या निर्यातदारांनी पुढे स्वतःचा विमानतळ बांधला.

संशोधक याला सामूहिक कार्यक्षमता म्हणतात. जवळ असण्याचा फायदा आपोआप मिळतो, पण संकटात तग धरायला ठरवून एकत्र यावे लागते. ज्या क्लस्टरमध्ये पहिले आहे आणि दुसरे नाही, ती एकमेकांचे भाव पाडत बसतात.

मात्र क्लस्टरमुळे देश पुढे जातो म्हणजे देशाचा प्रत्येक भाग पुढे जातो असे नाही. क्लस्टर मुळात ओढून घेते: माणसे, पैसा, कसब. चाकणला गेलेला पिंगळीचा मुलगा सीएनसी मशीन चालवायला शिकतो. पैसे घरी पाठवतो. पण उद्या तो गावी परतला, तर ते कसब त्याच्या हातातच राहते. त्याला काम देणारा, हत्यार धार करून देणारा, कास्टिंग पुरवणारा परभणीत नाही. त्याचे कौशल्य चार जणांच्या संगतीतच चालणारे आहे. मनीऑर्डर गावात येते, धंदा येत नाही.

सरकार काय करू शकते?

महाराष्ट्रात १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि १९६४ पासून मागास भागांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आली. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने विभागांचा अनुशेष मोजला. भूखंड, करसवलत, वीज सवलत ही हत्यारे तेव्हापासून वापरात आहेत. ती कधी लागू पडतात, याचे मराठवाड्यातले उदाहरण वाळूजचे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिथे सुरू झाला. कंपनीने सुटे भाग बाहेरून घेतले, त्यामुळे पुरवठादार आले, पुरवठादारांचे पुरवठादार आले. पुढे त्याच औद्योगिक पट्ट्यात मराठवाडा ऑटो क्लस्टर हे सामायिक सुविधा केंद्र उभे राहिले. भूखंड सरकारने दिला, पण रोजची ऑर्डर कारखान्याने दिली. ऑर्डर नसती तर भूखंडांवर बाभळी उगवल्या असत्या, आणि तसे भूखंड मराठवाड्यात पाहायला मिळतात.

उलट उदाहरण नांदेडच्या उस्मानशाही मिलचे. निजामाच्या काळातली ही मोठी गिरणी. गिरणीत सगळे आतल्या आत होते, बाहेरच्या लहान माणसाला देण्यासारखे काम थोडेच. ती बंद पडल्यावर नांदेड कापडाचे शहर राहिले नाही. मोठा कारखाना आणि क्लस्टर या दोन गोष्टी वेगळ्या, हे यावरून लक्षात यावे.

आज केंद्राची सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीची क्लस्टर योजना आहे, राज्याचीही तशी योजना आहे. दोन्हींचा गाभा एकच. उद्योजकांनी मिळून एक कंपनी काढायची, ज्याला सगळे ‘एसपीव्ही’ म्हणतात, आणि त्या कंपनीला सामायिक सुविधा केंद्रासाठी मोठा वाटा अनुदान म्हणून मिळतो. एकट्याला न परवडणारी चाचणी प्रयोगशाळा, डिझाइन केंद्र किंवा मोठे यंत्र त्यातून येते. कोल्हापूरच्या फाउंड्री क्लस्टरमध्ये साच्यांची वापरलेली वाळू पुन्हा कामायोग्य करण्याचा सामायिक प्रकल्प अशाच विचारातून झाला. योजना चांगली आहे. तिची अट मात्र अशी की, आधीपासून एकत्र येऊ शकणारे उद्योजक असले पाहिजेत. जिथे ते नाहीत तिथे अनुदानाकडे पाहून एसपीव्ही जन्मते, यंत्रे येतात आणि वर्षभरात कुलूप लागते.

कापसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मराठवाडा-विदर्भात घडली. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. शेतकऱ्याला हमी मिळाली, हे खरे. पण त्याच वर्षांत बाहेरच्या सूतगिरण्यांशी थेट व्यवहार, प्रतवारीची पारख, गाठीला स्वतःचे नाव देणे हे शिकण्याची स्थानिक जिनिंगवाल्याची संधी गेली, असे म्हणायला जागा आहे.

दुसरी बाजू

क्लस्टर नुसते वरदान नाही. इचलकरंजीच्या प्रोसेसचे पाणी आणि पंचगंगेचे प्रदूषण हा कोल्हापूर जिल्ह्यातला जुना वाद. तिरुपूरमध्ये नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा एका झटक्यात अख्खे शहर हबकले. सगळे एकाच धंद्यात असले की संकटही सगळ्यांवर एकदम येते. मजुरी हा तर कायमचा तंटा. खर्चीवाल्याला व्यापारी पिळतो, खर्चीवाला कामगाराला. जुन्या मागांवर स्वस्त कापड करत राहायचे की कर्ज काढून नवे शटललेस माग घ्यायचे, हा पेच इचलकरंजीतल्या अनेक घरांत आजही आहे.

पिंगळीच्या वाट्याला काय?

कापडाच्या मागे लागण्यात परभणीच्या या पट्ट्याने फार शक्ती घालवू नये, असे वरच्या हिशेबावरून वाटते. एखादी सूतगिरणी आणली तरी सुटे भाग कोइंबतूरहून, फिटर बाहेरून आणि सुताचे गिऱ्हाईक इचलकरंजी-भिवंडीत, अशी ती एकटी पडेल. राज्याच्या वस्त्रोद्योग धोरणांत कापूस पिकणाऱ्या भागांना जादा सवलती आहेत. सवलत नफ्याचा आकडा सुधारते, शेजार देत नाही.

पिंगळीहून पूर्णा जवळ, आणि पूर्णेहून अकोल्याकडे जाणाऱ्या फाट्यावर हिंगोली जिल्ह्यातले वसमत. तिथे हळदीचा बाजार आहे, बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परभणीचे शेतकरीही हळद लावतात. आणि हळद वेबरच्या नियमात बसते. ओल्या हळदीचे वजन वाळल्यावर चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते, त्यामुळे शिजवणे, वाळवणे, पॉलिश ही कामे शिवारातच करावी लागतात. हंगामात हळद शिजवणारे कुकर आणि पॉलिशचे ड्रम शेतोशेती भाड्याने फिरतात. यंत्र एकाचे, हळद दुसऱ्याची, मजुरी तिसऱ्याची. इचलकरंजीतली खर्चीवाल्यांची वाटणी ज्याने पाहिली आहे, त्याला ही ओळख लगेच पटेल. क्लस्टरचे बीज असेच असते.

यापुढचे टप्पे कोणते, तेही ठाऊक आहे. कुकर आणि ड्रम बनवणारे, दुरुस्त करणारे वर्कशॉप इथेच हवेत. त्यासाठी चाकणहून परतलेल्या वेल्डर-फिटरांना काम देता येईल. दळण आणि पॅकिंग हवे, नाहीतर पोत्यातली अख्खी हळद सांगलीच्या बाजारात जाईल आणि नाव सांगलीचे होईल. सांगलीच्या हळदीला मानांकन २०१८ मध्येच मिळाले आहे. निर्यातीसाठी कर्क्युमिनचे प्रमाण आणि कीटकनाशकांचे अंश तपासून दाखला देणारी प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर हवी. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. तिथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी काहींनी नोकरीसाठी पुण्याकडे न जाता वसमत-पूर्णा पट्ट्यात दळणाची चक्की टाकली, आणि पहिल्या दोन वर्षांची उधारी पेलण्याइतकी पत त्यांना जिल्हा बँकेने दिली, तर सामायिक सुविधा केंद्राचा अर्ज भरायला लागणारी नावे आपोआप तयार होतील.